ऊन, पाणी आणि डार्करूम

फिल्म धुण्याच्या बहुतेक पुस्तकांत, डेव्हलपरच्या पाकिटावर आणि उत्पादकांच्या तक्त्यांत एकच आकडा ठळक छापलेला असतो: २० अंश सेल्सिअस. डेव्हलपर वीस अंशांवर ठेवा, ठरलेली मिनिटे टाकी हलवत राहा, मग फोटो पक्का करणारा हायपो, मग धुणे. हा आकडा थंड हवेच्या देशांत ठरला. तिथे नळाचे पाणी वर्षातला बराच काळ वीस अंशांच्या खालीच असते. थोडे कोमट केले की काम भागते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते. अमरावतीत नवतपा सुरू झाला की रात्री दहा वाजताही भिंती तापलेल्या असतात. इथल्या माणसाने तो वीसचा आकडा कसा पाळायचा, या प्रश्नातून हे पुस्तक तयार झाले.

फिल्मवर फोटो काढणे, स्टुडिओत प्रकाश लावणे आणि डार्करूममध्ये प्रिंट काढणे असे पुस्तकाचे तीन भाग आहेत. तिन्ही भागांतून मला एकच गोष्ट सांगायची आहे. वऱ्हाडात फिल्मचे काम करायचे तर इथले ऊन, इथले पाणी आणि इथली हवा यांना कृतीचा भाग मानले पाहिजे. दुसऱ्या हवेत ठरलेले आकडे सुरुवातीला हाताशी असावेत. आपले आकडे मात्र आपण प्रयोग करून ठरवायचे. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. थर्मामीटर, घड्याळ, एक वही आणि बराचसा धीर एवढे पुरते.

असे करणारे आपण पहिले नाही. छायाचित्रणाची कला १८३९ साली युरोपात जाहीर झाली आणि काही वर्षांतच हिंदुस्थानात पोचली. १८५१ नंतर काचेवर ओल्या कोलोडियनचा थर देऊन फोटो काढायची पद्धत आली, तेव्हा इथल्या उष्ण कोरड्या हवेत तो थर फार लवकर सुकू लागला. म्हणून इथल्या अनेक छायाचित्रकारांनी मेण लावलेल्या कागदाची निगेटिव्ह पसंत केली. ती आधी तयार करून ठेवता येई आणि फोटो काढल्यावर सावकाश धुता येई. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः कॅमेरा चालवत. औषधशास्त्र शिकलेल्या माणसाने रसायनांच्या या नव्या कलेकडे वळावे, हे त्या काळाला साजेसेच होते. कॅमेऱ्यामागे उभा राहणारा माणूस तेव्हा अर्धा रसायनतज्ज्ञ असायचा, नाहीतर त्याचा फोटो उमटतच नसे.

मराठी माणसाच्या हातून झालेल्या प्रयोगांत दादासाहेब फाळके यांचे नाव मला सर्वांत जवळचे वाटते. चित्रपटाकडे वळण्याआधी त्यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे आणि छपाईचे तंत्र शिकून घेतले होते आणि गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवला होता. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी प्रथम काय केले? वाटाण्याचे रोप कसे वाढते ते ठरावीक अंतराने एकेक चौकट घेऊन चित्रित केले. हा नुसता हौसेचा खेळ नव्हता; कॅमेरा, फिल्म, प्रकाश आणि धुण्याची क्रिया यांची एकत्र परीक्षा होती. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ तयार होत असताना कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके यांनी घरात राहून केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लोकांनी जो चित्रपट पाहिला, तो एका घरातल्या डार्करूममधून बाहेर आला होता. आपल्या छायाचित्रणाच्या इतिहासात सरस्वतीबाईंचा उल्लेख तंत्रज्ञ म्हणून व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

वऱ्हाडात हे सारे रेल्वेच्या मागोमाग आले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली. भुसावळकडून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा ओलांडून १८६७ साली नागपूरला पोचला. कापसाच्या गाठी मुंबईकडे जाऊ लागल्या आणि मुंबईच्या बाजारातला माल इकडे येऊ लागला. विसाव्या शतकात जिल्ह्याच्या नि तालुक्याच्या गावी बाजारपेठेत फोटो स्टुडिओ ही ओळखीची जागा झाली. रंगवलेला पडदा, नक्षीची खुर्ची, कोपऱ्यात फुलदाणी, दोन्ही बाजूंना स्टँडवरचे मोठे बल्ब आणि मागे लाल दिव्याची खोली. लग्न ठरवताना मुलीचा फोटो, शाळेचा ग्रुप फोटो, म्हातारपणी मुलांनी आग्रहाने काढवून घेतलेला जोडीचा फोटो: वऱ्हाडातल्या हजारो कुटुंबांची आठवण या खोल्यांतल्या पाण्यातून वर आली आहे. १९९३ साली मतदार ओळखपत्रावर फोटो आला, तेव्हा आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर न बसलेली माणसेही प्रथमच त्याच्यासमोर बसली.

तेव्हाच्या साहित्याचीही आठवण ठेवायला हवी. सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी १९६० साली उटीला स्थापन झाली आणि तिच्या ‘इंदू’ नावाच्या कृष्णधवल फिल्म आणि ब्रोमाइड पेपर देशभर गेले. आग्फाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यात १२० चा रोल भरला की बारा चौकोनी फोटो मिळत. मध्यमवर्गीय घरात हा कॅमेरा कपाटाच्या वरच्या कप्प्यात असे आणि सणाला, सहलीला खाली येई. उटीच्या गार, स्वच्छ हवेत तयार झालेली फिल्म वऱ्हाडच्या उन्हाळ्यात उघडली जाई आणि तरी फोटो चांगले येत. याचे श्रेय स्टुडिओतल्या कारागिरांना आहे. त्यांनी पुस्तके वाचून हे साधले नाही. ऋतू बघून वेळ कमी-जास्त करायची समज त्यांच्या हातात होती. ती कुठे लिहून ठेवलेली नाही, आणि रंगीत लॅब, मग डिजिटल कॅमेरे आल्यावर ती हातोहात पुढे जाणेही थांबले. हे पुस्तक लिहिण्यामागची खरी तळमळ ती आहे.

आता उष्णतेकडे वळू, कारण वऱ्हाडातला नवखा माणूस पहिल्यांदा तिथेच अडतो. तापमान वाढले की डेव्हलपर वेगाने काम करतो. इल्फर्डची एचपी ५ प्लस ही फिल्म आयडी-११ या डेव्हलपरच्या मूळ द्रावणात वीस अंशांना साडेसात मिनिटे धुवायची असते. चोवीस अंशांना तीच वेळ साडेपाच मिनिटांच्या आसपास येते आणि तापमान त्याहून वर गेले की पाच मिनिटांच्या खाली. इतक्या थोड्या वेळात डेव्हलपर फिल्मवर सगळीकडे सारखा पसरत नाही. निगेटिव्हच्या आकाशात पट्टे दिसतात. यावरचा उपाय सोपा आहे: डेव्हलपर तेवढ्याच पाण्यात पातळ करा. निम्मे द्रावण आणि निम्मे पाणी घेतले की वीस अंशांची वेळ तेरा मिनिटे होते, चोवीस अंशांची नऊच्या आसपास, आणि सत्तावीस अंशांनाही पावणेसात-सात मिनिटे हाताशी राहतात. पातळ डेव्हलपर एकदाच वापरून टाकून द्यायचा असल्याने जुन्या द्रावणाच्या ताकदीचा अंदाज बांधण्याची कटकटही उरत नाही.

दुसरा उपाय वऱ्हाडातल्या प्रत्येक घरात आहे. मे महिन्यात इथली हवा जितकी तापते तितकीच कोरडी असते, आणि कोरड्या हवेत पाणी उडून जाताना भांड्यातली उष्णता सोबत नेते. माठ आणि कूलर याच गुणावर चालतात. बाहेर त्रेचाळीस अंश असताना सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी ठेवलेल्या चांगल्या माठातले पाणी पंचवीस अंशांच्या आसपास उतरू शकते. डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचे पाणी यांच्या बाटल्या अशा पाण्याच्या घमेल्यात तासभर ठेवल्या की बर्फाची गरज क्वचितच पडते. जुलैत मात्र हवेत दमटपणा आला की हीच युक्ती लुळी पडते; पण तोवर पाणीही गार झालेले असते. तिन्ही द्रावणे एकाच तापमानाला असणे महत्त्वाचे. आजच्या बहुतेक फिल्मचे जिलेटिन कारखान्यातच कडक केलेले असते, त्यामुळे ते थोडी उष्णता सहज सोसते. गरम डेव्हलपरमधून काढून एकदम बर्फाच्या पाण्यात टाकलेली फिल्म मात्र बिघडू शकते. हिवाळ्यात उलटी अडचण येते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा बारा-तेरा अंशांवर आला की डेव्हलपरमधले हायड्रोक्विनोन जवळजवळ काम थांबवते. तेव्हा पाणी कोमट करून घ्यावे.

रंगीत फिल्मबद्दल एक गंमतीशीर वस्तुस्थिती सांगतो. रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपर ३७.८ अंशांना, सव्वातीन मिनिटे, हवा असतो. थंड देशांतल्या हौशी माणसाला एवढे तापमान टिकवण्यासाठी हीटर लागतो. अकोल्यात मेच्या दुपारी खोलीतल्या घमेल्यातले पाणी जवळपास त्याच तापमानाला असते. ज्या उन्हाळ्यात कृष्णधवल रोल धुताना जपावे लागते, तोच उन्हाळा रंगीत रोल धुवायला सोयीचा पडतो. हवामानाकडे अडचण म्हणून पाहण्याची सवय सुटली की अशा सोयी दिसू लागतात.

पाण्याचा प्रश्न त्याहून खोल आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या विहिरी-बोअरचे पाणी खारट आणि अल्कधर्मी. दर्यापूर किंवा मूर्तिजापूरकडच्या कोणी बोअरच्या पाण्यात डेव्हलपर कालवला, तर तो गढूळ होण्याचा संभव असतो आणि सुकलेल्या निगेटिव्हवर क्षारांचे पांढरे डाग राहतात. म्हणून डेव्हलपर कालवायला आणि शेवटच्या बुचकळण्याला इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर किंवा निदान आरओचे पाणी घ्यावे. एका रोलला ते अर्धा-पाऊण लिटर पुरते. मधल्या धुण्याला मात्र खारे पाणी चालते. इतकेच नव्हे, कागदात मुरलेला हायपो समुद्राच्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा लवकर सुटतो, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलाच्या कामातून लक्षात आले होते. शेवटी गोड्या पाण्याने ते क्षार काढून टाकले म्हणजे झाले. खारपाणपट्ट्यातल्या वाचकांनी हा प्रयोग आपल्या पाण्यावर जरूर करून पाहावा.

पाणी जपून वापरणे हा तर इथला धर्मच आहे. अकोला शहर काटेपूर्णा धरणावर आणि अमरावती अप्पर वर्धा धरणावर अवलंबून आहे. पाऊस कमी झाला की नळ किती दिवसांनी येईल याचा हिशेब घरोघर मांडला जातो. अशा गावात तासभर नळ सोडून फिल्म धुणे मनाला पटत नाही. इल्फर्डने सुचवलेली पद्धत त्यासाठी उत्तम आहे. हायपोनंतर टाकीत पाणी भरा, पाच वेळा उलटीसुलटी करा, पाणी ओता. पुन्हा भरून दहा वेळा. पुन्हा भरून वीस वेळा. ३५ मिलिमीटरचा एक रोल साधारण लिटरभर पाण्यात स्वच्छ होतो. जुन्या अल्बममधले जे फोटो पिवळट-तपकिरी झाले आहेत, त्यांतल्या अनेकांच्या कागदात हायपो राहून गेला आहे. म्हणजे पाणी वाचवायचे, पण धुणे अर्धवट सोडायचे नाही. आणि वापरलेल्या हायपोत चांदी विरघळलेली असते. तो विहिरीजवळ, नाल्यात ओतू नये. वेगळ्या कॅनमध्ये साठवून चांदी काढून घेणाऱ्याकडे द्यावा.

प्रकाशाच्या भागातही परक्या पुस्तकांची अशीच तपासणी करावी लागली. जुनी पुस्तके सांगतात की स्टुडिओची खिडकी किंवा काचेचे तिरपे छप्पर उत्तरेकडे असावे, कारण उत्तरेकडून थेट ऊन कधीच येत नाही. लंडनमध्ये भर दुपारच्या सूर्याबाबत हे नेहमी खरे असते. अकोला-अमरावती कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे एकवीस अक्षांशावर आहेत. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात इथे शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर जुलैच्या मध्यानंतर काही दिवसांपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत उत्तरेकडच्या तिरप्या काचेतून दुपारचे थेट ऊन खाली उतरते. उभ्या खिडकीला छज्जा असेल तर दुपारी त्रास नाही, पण सकाळ-संध्याकाळ किरणे आत येतातच. म्हणून इथल्या खिडकीला मांजरपाटाचा पडदा हवा. आपल्या मातीतल्या कापसाचे हे कापड प्रकाश फार सुंदर पसरवते, धुता येते, आणि महागड्या सॉफ्टबॉक्सची आठवणही होऊ देत नाही.

दिव्यांच्या प्रकाशाचे प्रकरण मी मुद्दाम एकाच दिव्यावर उभे केले आहे. अंतर दुप्पट केले की प्रकाश एक चतुर्थांश होतो, हा नियम शाळेत सर्वांनी वाचलेला असतो. स्टुडिओत तो हातांनी समजून घ्यायचा आहे. माणसाला पांढऱ्या भिंतीपासून दीड मीटर पुढे बसवा. दिवा समोरून, चेहऱ्यापासून एक मीटरवर ठेवला तर भिंतीवर चेहऱ्याच्या सुमारे एक षष्ठांश प्रकाश पडतो आणि ती फोटोत गडद करडी दिसते. तोच दिवा तीन मीटर मागे नेला तर भिंतीवर जवळजवळ निम्मा प्रकाश पोचतो आणि ती उजळ होते. भिंत बदलली नाही, दिवा बदलला नाही, फक्त अंतर बदलले. मग दिव्यापुढे मांजरपाट धरा, दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पाटी उभी करा, ती अर्ध्या हाताने जवळ-लांब करा आणि प्रत्येक वेळी एक फोटो घ्या. बारा चौकटींचा रोल संपेपर्यंत जे शिकायला मिळते ते मोजदाद न करता शेकडो फोटो काढून मिळत नाही, कारण इथे प्रत्येक फोटोआधी आपण काय बदलले ते ठाऊक असते.

याच प्रकरणात एक गोष्ट आग्रहाने लिहिली आहे. आपल्याकडच्या स्टुडिओंमध्ये माणसाला गोरे दाखवण्याची फार जुनी सवय आहे. चेहऱ्यावर पावडर, समोरून सपाट उजेड, आणि वर निगेटिव्हवर रीटचिंग. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅकची प्रिंट जुळवण्याची नमुना-चित्रेही गोऱ्या स्त्रियांची असत. त्या मापाने जुळवलेल्या प्रिंटमध्ये सावळा चेहरा मातकट व्हायचा. वऱ्हाडात उन्हात राबलेला सावळा, काळा चेहरा हा बहुसंख्यांचा चेहरा आहे. असा चेहरा उजळवायचा नसतो, घडवायचा असतो. काळ्या त्वचेचे सौंदर्य तिच्यावर परावर्तित होणाऱ्या लकाकीत आहे. मोठा, मऊ प्रकाश जवळून आणि बाजूने आणला की गालाचे हाड, कपाळावरच्या आठ्या, हनुवटीची कड लकाकीने उमटते आणि रंग आहे तसा राहतो. प्रकाशमापक तर प्रत्येक गोष्ट मध्यम करडी मानून आकडा देतो. काळ्या चेहऱ्यावर धरलेल्या मापकाने सांगितले त्याहून साधारण एक स्टॉप कमी आणि पांढऱ्या टोपीवर धरला तर दीड-दोन स्टॉप जास्त, असा विचार आपण करायचा.

बाहेरच्या उन्हातही हेच. नोव्हेंबरात फुटलेल्या कापसाच्या शेतात, काळ्या मातीवर उभ्या असलेल्या वेचणारणीचा फोटो ही कृष्णधवल फिल्मची कठीण परीक्षा आहे. बोंडे डोळे दिपवणारी पांढरी, माती काळी आणि पदराखालचा चेहरा सावलीत. अशा वेळी सावलीला पुरेल एवढा प्रकाश फिल्मला द्यावा आणि धुण्याची वेळ वीस टक्क्यांनी कमी करावी. सावलीतला चेहरा उमटतो आणि बोंडांतले तंतूही जळत नाहीत. अन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास ज्या पद्धतीला ‘झोन सिस्टिम’ असे शिस्तबद्ध रूप दिले, तिचा गाभा हाच आहे. कापसाच्या शेतात तो एका दुपारी समजतो.

डार्करूमचा भाग सर्वांत मोठा झाला, आणि तो तसा व्हायलाच हवा होता. निगेटिव्ह तयार झाली म्हणजे काम निम्मे झाले. एन्लार्जरखाली कागदाची पट्टी ठेवून तीन, सहा, नऊ, बारा सेकंदांचे टप्पे द्यायचे, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये ती बुडवायची आणि कोणता टप्पा बरोबर ते पांढऱ्या उजेडात पाहायचे. मल्टिग्रेड कागदावर पिवळ्या-किरमिजी फिल्टरने काळा-पांढरा फरक कमी-जास्त करायचा. मग हाताच्या सावलीने एक कोपरा झाकायचा, दुसऱ्याला जास्त उजेड द्यायचा. ही सगळी कामे पुस्तकात पायरीपायरीने दिली आहेत. डेव्हलपर घरी कालवण्याची कृतीही आहे. १९२७ सालचा कोडॅकचा डी-७६ आजही तितकाच कामाचा आहे: एक लिटर पाण्याला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. कॉलेजांना रसायने पुरवणाऱ्या दुकानांतून हे मिळू शकते. मेटॉलने काहींच्या हाताला खाज सुटते, म्हणून चिमटे आणि हातमोजे वापरा. खोलीत हवा खेळती ठेवा. आणि या कामाची भांडी स्वयंपाकघरात पुन्हा कधीही नेऊ नका.

कमी खर्चातल्या प्रयोगांसाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे, कारण परदेशी फिल्मची किंमत विद्यार्थ्याला जड जाते. दवाखान्यांना पुरवली जाणारी हिरव्या प्रकाशाला जागी होणारी एक्स-रे फिल्म मोठ्या कॅमेऱ्यात कापून भरता येते आणि मंद लाल दिव्यात हाताळता येते. तिच्या दोन्ही बाजूंना थर असल्याने ओरखड्यांपासून जपावे लागते. फोटोचा कागदच निगेटिव्ह म्हणून वापरून पत्र्याच्या डब्याचा पिनहोल कॅमेरा करता येतो. आणि वऱ्हाडात जे फुकट आणि अमाप मिळते ते ऊन वापरून सायनोटाइप करता येतो. जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेल्या या पद्धतीत लोहाच्या क्षारांनी माखलेला कागद उन्हात ठेवून साध्या पाण्यात धुतला की निळा फोटो येतो. खारपाणपट्ट्यातले अल्कधर्मी पाणी ती निळाई फिकी करते. पहिल्या धुण्यात थोडे लिंबूफूल घातले की ती टिकते. हळदीच्या अर्काने रंगवलेल्या कागदावर पाने ठेवून उन्हात तापवले आणि मग बोरॅक्सच्या पाण्याचा हात फिरवला की तांबूस-तपकिरी चित्र उमटते. शाळेतल्या मुलांना प्रकाश आणि रसायन यांचे नाते दाखवायला याहून चांगला पाठ मला ठाऊक नाही.

एवढे कष्ट कशासाठी, असे कोणी विचारेल तर मी मूळचे अकोल्याचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांच्या कामाकडे बोट दाखवीन. मुंबईच्या सफाई कामगारांचे आयुष्य त्यांनी वर्षानुवर्षे कृष्णधवल छायाचित्रांत नोंदवले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गटारात उतरलेल्या माणसाच्या अंगावरचा चिखल, त्याचे डोळे आणि त्याचा ताठपणा एकाच चौकटीत दिसायचा असेल, तर काळ्यातल्या छटा सांभाळाव्या लागतात. तंत्र येते तेव्हाच ते मागे सरते आणि माणूस पुढे येतो. आपल्या वऱ्हाडात पाहण्यासारखे पुष्कळ आहे: कापसाच्या शेतातल्या बाया, मेळघाटातले कोरकू पाडे, आषाढीच्या वाटेवरच्या दिंड्या, बंद पडलेल्या गिरण्यांची आवारे, रविवारचे बाजार. त्यांच्याकडे आपल्या माणसाने आपल्या प्रकाशात पाहावे, यासाठी ही सगळी तयारी.

पुस्तक वापरायची रीतही सांगतो. सुरुवातीला एकच फिल्म, एकच डेव्हलपर आणि एकच कागद घ्या आणि निदान तिन्ही ऋतू त्यांनाच धरून राहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रत्येक रोलची नोंद करा: महिना, द्रावणाचे तापमान, पाणी नळाचे की बोअरचे, मिनिटे, आणि निगेटिव्ह कशी आली. गावातला जुना स्टुडिओ अजून उघडा असेल तर तिथल्या ज्येष्ठांकडे जा, त्यांना काका म्हणून आदराने विचारा, ते उन्हाळ्यात किती वेळ धुवायचे, पाणी कुठून आणायचे, आणि त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मला ज्यांनी अशी उत्तरे दिली, त्या सर्वांचा मी ऋणी आहे.

पुस्तकाच्या शेवटी बारा महिन्यांचा एक तक्ता आहे. त्यातले काही रकाने भरलेले आहेत, बरेच कोरे आहेत. अकोटच्या मेमधली मिनिटे चिखलदऱ्याच्या मेला लागू पडणार नाहीत आणि दर्यापूरच्या बोअरचे पाणी वरुडच्या पाण्यासारखे नसेल. ते रकाने तुम्ही भरायचे आहेत. भरलेल्या वह्या एकमेकांना दाखवा, आकडे ताडून पाहा, जिथे फरक पडेल तिथे पुन्हा रोल धुवा. वऱ्हाडचा असा एक तक्ता तयार झाला, की पुढच्या पिढीतली मुलगी जेव्हा पहिल्यांदा टाकीत फिल्म गुंडाळील, तेव्हा तिला थंड देशातला आकडा इथल्या उन्हाशी जुळवत बसावे लागणार नाही.